आत्या वर आहेत

१

सुहासिनीकाकूंचा फोन आला तेव्हा मी बॉक्सरूममध्ये नवं टेबल जोडत बसले होते. बॉक्सरूम म्हणजे आमच्या हॅरोच्या घरातली वरची सगळ्यात लहान खोली. एक सोफा-कम-बेड उघडला की चालायला वाट उरत नाही. गेली कित्येक वर्षं ती पाहुण्यांची होती. माझ्या नवऱ्याचे, अवधूतचे मित्र, मित्रांचे मित्र, त्यांचे आईवडील. 'घर मिळेपर्यंत राहतो' म्हणून आलेले आणि घर मिळाल्यावरही आमच्याच फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरण्या ठेवणारे. या वर्षी मी अवधूतला निक्षून सांगितलं, बास. ही खोली आता माझी. मी घरून काम करते, मला दार लावून मीटिंग घ्यायच्यात. मी काय धर्मशाळा उघडलीये?

"देवयानी! अगं मी येत्येय लंडनला!" काकू फोनवर ओरडूनच बोलतात. परदेशात आवाज पोहोचायला हवा ना.

काकू माझ्या रक्ताच्या नात्यातल्या नव्हेत. बाबांचे मित्र उल्हासकाका, त्यांची ही बायको. मी सांगलीहून पुण्याला इंजिनिअरिंगला आले तेव्हा हॉस्टेल मिळेना. काकू म्हणाल्या, हॉस्टेल कशाला, आमचं घर काय ओस पडलंय? आणि डिग्री हातात पडेपर्यंत मी त्यांच्या दोन खोल्यांत राहिले. 'कधी जाणार' असं मला त्या घरात एकदाही कोणी विचारलं नाही. गेल्या वर्षी उल्हासकाका गेले. मूलबाळ नाही. मैत्रिणींनी मागे लागून काकूंना युरोप टूरचं बुकिंग करायला लावलं होतं.

"टूर लंडनहूनच निघत्येय," काकू सांगत होत्या. "म्हटलं, आठवडाभर आधी जाते, तुला भेटते. फक्त उतरायचं कुठे ते सांग. माझी मैत्रीण आश्लेषा, तिची सून म्हणते इल्फर्डला खोली घ्या, सगळं आपलं मिळतं. दुसरी कोणी म्हणते हाउन्सलो, विमानतळाजवळ. मला बाई काय कळतंय त्यातलं. तू म्हणशील तिथे."

आता कुठल्याही मराठी माणसाला विचारा, 'कुठे उतरू' हा काही प्रश्न असतो का? तिथे आपण म्हणायचं, कुठे म्हणजे काय, आमच्याकडेच. त्यांनी म्हणायचं, नको गं, तुम्हाला उगाच त्रास. आपण म्हणायचं, त्रास कसला त्यात. झालं. एवढंच असतं ते. मला ते पाठ होतं.

मी टेबलाकडे बघितलं. तीन पाय बसले होते, चौथा माझ्या मांडीवर होता.

"अय्या काकू," मी म्हटलं, "आमच्याकडेच बोलावलं असतं हो तुम्हाला. पण नेमक्या अवधूतच्या आत्या आल्यात. वरची खोली त्यांना दिलीये."

काकूंचा आवाज एकदम खाली आला. मग म्हणाल्या, "हो का? असू दे, असू दे. बऱ्या आहेत ना त्या? नाव काय गं त्यांचं?"

नाव काही केल्या सुचेना. "आम्ही सगळे आत्याच म्हणतो," मी म्हटलं. आणि मग अगदी जाणकाराच्या थाटात सांगितलं की इल्फर्ड लांब पडेल, हाउन्सलोच बरं.

अवधूतला आत्या नाही. त्याच्या वडिलांना बहीणच नव्हती.

२

"खोटं कशाला बोललीस पण?" अवधूत संध्याकाळी म्हणाला. "काकू आहेत त्या. आठवडाभराचा तर प्रश्न."

"तू करणार होतास का सगळं? सकाळी त्यांचा नाश्ता, दुपारी त्यांना कुठे ने, कुठे आण?"

"केलं असतं की."

केलं असतं की म्हणे! या घरात ज्यानं कधी पाहुण्यांची चादर बदलली नाही तो माणूस. मी चिडले. चिडले की बरं असतं, लाज जरा मागे सरकते.

"मग फोन कर आणि सांग, आत्या गेल्या," तो म्हणाला.

"कुठे गेल्या?"

"वर." आणि हसत सुटला. मीही हसले.

पण काकूंचे फोन येत राहिले. व्हिसा झाला, बॅग घेतली, थर्मल घेतले, आणि दर वेळी शेवटी, "आत्या कशा आहेत?" आता काय सांगणार? एकदा म्हणाल्या, "दे ना जरा फोन त्यांच्याकडे. नमस्कार तरी करते."

"त्या वर आहेत काकू. जिना उतरत नाहीत त्या, गुडघे गेलेत."

"मग वर नेऊन दे."

"त्या फारसं बोलत नाहीत हो. पडूनच असतात. डोळ्यांना उजेड सोसत नाही, पडदे ओढलेले."

"अगं बाई," काकू हळहळल्या. "एकटं वाटत असेल गं त्यांना. आणि पाय? पाय गार पडतात का? या वयात पडतात."

"पडतात ना," मी म्हटलं. "रोज गरम पाण्याची पिशवी देते."

माझं मलाच नवल वाटलं. इतकं मी माझ्या सख्ख्या सासूचं केलं नाही. त्या बाईचं एकेक दुखणं मी फोनवर जन्माला घालत होते, आणि काकू त्यावर मनापासून उपाय सांगत होत्या. फोन ठेवला की मला स्वतःची किळस यायची. आणि तरी पुढच्या फोनला मी आणखी काहीतरी सांगायचे.

३

पहिल्यांदा पडदा.

दुपारी जेवायला खाली आले तेव्हा उघडा होता. मे महिना, बाहेर लख्ख ऊन, लंडनला असं ऊन पडलं की मी एकही पडदा ओढून ठेवत नाही. वर गेले तर खोलीत अंधार. दोन्ही पल्ले नीट, मधोमध जुळवून ओढलेले. मी उघडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हटलं, खिडकीच्या फटीतून वारा येत असेल, पडद्याची दांडी कललेली असेल. दांडी बघितली. सरळ होती. होते एखादी चूक, मीच ओढले असतील. मीटिंगच्या आधी स्क्रीनवर चकाकी येते म्हणून आपण करतो की नाही असं हातासरशी?

मग मिहीरचा कॉल. मिहीर माझ्या टीममधला, नागपूरचा मुलगा, नुकताच आलाय. व्हिडिओ चालू झाला आणि त्यानं एकदम आवाज खाली आणला.

"मॅम, नंतर बोलू का? मागे कोणी झोपलंय तुमच्या. सासूबाई आल्यात का?"

मी वळून बघितलं. बेड पसरलेला होता. मी तो कधीच मिटवून ठेवला होता, निदान मला तसं वाटत होतं. त्याच्यावर रजई. रजई नुसती ढेपाळून पडली होती, भिंतीच्या बाजूला उंच, पायाकडे उतरती.

"कोणी नाही रे," मी म्हटलं. "बॅकग्राउंड ब्लर आहे, त्यानं काहीही दिसतं."

"हो मॅम," मिहीर म्हणाला. पण कॉल संपेपर्यंत तो हळूच बोलत राहिला.

कॉल झाल्यावर मी रजईला हात लावला. उचलली नाही, नुसता हात लावला. पायाकडची बाजू उबदार होती. खिडकीतून ऊन आलं असेल, मी स्वतःला सांगितलं. पडदे ओढलेले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसायला लागले. ज्या खोलीसाठी एवढं केलं, ती खोली अशी गेली.

४

खाली बसलं की वरचं सगळं ऐकू येतं. ही जुनी इंग्रजी घरं, फळ्यांच्या जमिनी, शेजारचा माणूस शिंकला तरी आपल्याला कळतं. म्हणून पहिले काही दिवस मी शेजाऱ्यांनाच बोल लावत होते. पण शेजारी सुट्टीवर गेले होते, त्यांच्या कुंड्यांना पाणी मीच घालत होते.

आवाज कसा होता सांगते. आधी बेडची स्प्रिंग. मग बराच वेळ काही नाही, उठून बसल्यावर माणूस जरा दम खातं तेवढा वेळ. मग पाऊल. एक पाय टेकवलेला, दुसरा घासत आणलेला. बॉक्सरूमच्या दारातून बाहेर, पॅसेजमधून, जिन्याच्या तोंडापर्यंत. आणि तिथे थांबायचं. खाली कधीच यायचं नाही. मी चाकू हातात धरून, कांदा अर्धवट चिरलेला, जिन्याच्या दिशेनं कान लावून उभी. ते तिथे, मी इथे. मग पावलं परत फिरायची.

जिना उतरत नाहीत त्या. मीच सांगितलं होतं.

अवधूतला मी काही बोलले नाही. काय बोलणार? आणि हसला असता तर सहन झालं नसतं. पण एका संध्याकाळी आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो, बाहेर अजून उजेड होता, आणि त्यानं न सांगता रिमोट उचलून आवाज कमी केला.

"का रे?"

"अं? काही नाही." मग थांबून म्हणाला, "वर..." आणि एकदम माझ्याकडे बघायला लागला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"तुलाही ऐकू येतं?"

"पाइप असतील गं," तो म्हणाला. "हीटिंगचे."

हीटिंग एप्रिलपासून बंद होतं. ते त्यालाही माहीत होतं, बंद त्यानंच केलं होतं. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, आवाज न वाढवता.

त्या रात्री तो म्हणाला, "काकूंना खरं सांगून टाक, देवयानी. म्हणजे हे संपेल."

तो असं का म्हणाला ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

५

काकू आल्या. विमानतळावर मला बघून त्यांनी ट्रॉली सोडून दिली आणि मिठी मारली. ट्रॉली आपली चालली एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या अंगावर. "सॉरी हं, सॉरी," काकू त्याला मराठीत म्हणाल्या.

हाउन्सलोची खोली मी फोटोत बघितली होती, बरी वाटली होती. प्रत्यक्षात ती घराच्या मागच्या अंगाला, वरच्या मजल्यावर, एक पलंग, एक खुर्ची, आणि खिडकीबाहेर शेजारच्या गॅरेजचं छत. डोक्यावरून विमान गेलं की काचा थरथरत होत्या. घरमालकीण पंजाबी बाई होत्या, मायाळू होत्या, त्यांचा काही दोष नाही. दोष माझा होता. काकू बॅग ठेवून पलंगाच्या कडेला बसल्या, पाय जमिनीला जेमतेम टेकत होते, आणि म्हणाल्या, "छान आहे गं. सगळं हाताशी आहे."

तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं, चला काकू, उचला बॅग, घरी जाऊ. पण घरी? त्या वरच्या खोलीत काकूंना झोपवू? की हॉलमध्ये झोपवू आणि त्यांना रात्री जिन्याच्या तोंडाशी ते ऐकू येऊ देऊ?

काकूंनी बॅग उघडली. माझ्यासाठी भाजणी, मेतकूट, अवधूतसाठी शर्ट. मग कपड्यांत नीट गुंडाळलेली एक बाटली काढली. "हे तेल आत्यांना. गुडघ्यांना लाव म्हणावं. आमच्या वैद्यांकडचं आहे."

मी ती बाटली घेतली. घेताना मान वर झाली नाही.

घरी येऊन ती बॉक्सरूमच्या दाराबाहेर जमिनीवर ठेवली आणि खाली पळून आले. का ठेवली म्हणाल तर, बाटली कोणासाठी दिली होती ते मला ठाऊक होतं म्हणून. सकाळी बाटली तिथे नव्हती. वरच्या पॅसेजमध्ये कापराचा, निर्गुडीचा वास सुटला होता.

६

रविवारी काकू जेवायला येणार होत्या. माझं ठरलं होतं. पहिला घास घेण्याआधी सांगायचं, काकू, मी खोटं बोलले, आत्या वगैरे कोणी नाही, मला माफ करा आणि आजपासून इथेच राहा. आरशासमोर म्हणून बघितलं होतं मी.

अवधूत त्यांना गाडीनं घेऊन आला. मी पुऱ्या लाटत होते, हात पिठाचे, कढईत तेल तापलेलं. काकूंनी दारात चपला काढल्या, "आधी वर भेटून येते हं," म्हणाल्या, आणि मी "काकू, थांबा" म्हणेपर्यंत जिना चढून गेल्यासुद्धा.

बॉक्सरूमचं दार वाजलं. मग काकूंचा आवाज. नमस्कार केल्यासारखा, मग चौकशी केल्यासारखा. मग गप्प. मग, "हो ना," काकू म्हणाल्या. पुन्हा गप्प. "नाही हो, तसं काही मनात आणू नका." समोरून कोणीतरी बोलतंय आणि काकू ऐकतायत, असं. दुसरा आवाज काही आम्हाला येत नव्हता.

अवधूत स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मी गॅस बंद केला. आम्ही दोघं धडधाकट माणसं, आणि एक म्हातारी बाई आमच्या डोक्यावर त्या खोलीत एकटी, आणि आमच्यापैकी एकानंही जिन्यावर पाय ठेवला नाही. याला काय म्हणायचं ते म्हणा.

काकू खाली आल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. "किती गं सोशिक बाई," त्या म्हणाल्या. "जास्त बोलल्या नाहीत. नाव विचारलं तर म्हणाल्या, देवयानीला विचारा. पण मला जाणवलं. त्यांना इथे अवघडल्यासारखं होतंय. घरात कोणी वर फिरकत नाही म्हणतात."

"काकू," मी म्हटलं.

"रागवू नकोस गं. तुमची नोकरी, तुमची धावपळ, मला कळत नाही का? मी तर रिकामीच आहे. मी त्यांना माझ्याकडे घेऊन जाते चार दिवस. मला सोबत, त्यांना सोबत."

आता. आता बोलायचं होतं. एकच वाक्य होतं, पाठ केलेलं. अवधूत माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं, आणि मला काकूंचा चेहरा दिसला, खरं कळल्यावर जो होईल तो. आणि दुसरंही एक होतं. ते मी अजून अवधूतलाही सांगितलेलं नाही. माझ्या मनात आलं, जाईल. ती या घरातून जाईल.

"बघा बाई," मी म्हटलं. "त्या येत असतील तर."

जेवण कोणाला गेलं नाही. अवधूतनं टॅक्सी बोलावली, त्याच्यानं गाडी चालवली जाणार नव्हती. मी स्वयंपाकघरातच राहिले. तिथून जिन्याचा फक्त खालचा भाग दिसतो. काकू उलट्या उतरत होत्या, तोंड वर करून, दोन्ही हात पुढे धरून, कोणाला तरी आधार देत. "सावकाश. हां. आता हा पाय. काही घाई नाही." एकेक पायरी. काकूंच्या हातांवर भार होता. कोपरं दबलेली दिसत होती.

मी तोंड फिरवलं.

टॅक्सीवाल्यानं मागचं दार उघडून धरलं होतं. काकू बसल्या तरी तो तसाच धरून उभा राहिला, बराच वेळ, जरा वाकून. मग हलक्या हातानं दार लावलं.

७

खरं सांगू? मला सुटल्यासारखं झालं. मी वर गेले, पडदे फाडल्यासारखे उघडले, खिडकी उघडली, बेड मिटवला. सोमवारी माझ्या टेबलावर बसून दार लावून मीटिंग घेतली. छान झाली मीटिंग. त्या रात्री गाढ झोपले. यासाठी मला कोणी कधी क्षमा करू नये असं वाटतं.

मंगळवारी काकूंचा फोन आला नाही. बुधवारीही नाही. मीच केला.

"हां, बोल," काकू म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. कुजबुजत होत्या.

"काकू, बरं आहे ना? कुठे कुठे फिरलात? राणीचा वाडा बघितला?"

"कुठे जाऊ गं यांना सोडून? जिना उतरता येत नाही त्यांना. आणि मी जरा खोलीबाहेर गेले की अस्वस्थ होतात."

"काकू, पडदा उघडा बघू जरा. बाहेर ऊन आहे."

"नको, त्यांना सोसत नाही."

"आणि टूर? शुक्रवारी निघायचंय ना तुम्हाला?"

"कळवलं मी टूरवाल्यांना, नाही जमणार म्हणून. त्या ओणव्या होऊन चपला शोधायला लागतात गं, मी बॅगेला हात लावला की."

वर्षभर बाईनं घरात बसून काढलं होतं, काका गेल्यावर पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडली होती. पॅरिसच्या फोटोंबद्दल मैत्रिणींशी पैज लावून आली होती. आणि तिला मी काय चिकटवून दिलं होतं? तिथल्या तिथे मी काम टाकून उठले. रेनर्स लेनला ट्रेन पकडली, ॲक्टन टाउनला बदलली, आणि वाटभर ते एकच वाक्य म्हणत गेले. समोरची बाई माझ्याकडे बघत होती.

८

घरमालकिणीनं दार उघडलं. "दोनों ऊपर हैं," त्या म्हणाल्या. मग जरा जवळ येऊन, "दूसरी आंटी तो बोलती ही नहीं."

खोलीत दिवसाढवळ्या अंधार होता. त्या तेलाचा वास. काकू पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या होत्या. तीनच दिवसांत केवढ्याशा दिसत होत्या. अंगावर स्वेटर नव्हता, हात गार, ओठ सुकलेले. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "आत्ता डोळा लागलाय."

पलंगावर कोणीतरी भिंतीकडे तोंड करून निजलं होतं. काकूंचा स्वेटर, काकूंची शाल, वर रजई. उशीवर विरळ पांढरे केस. एवढंच. श्वासानं रजई वरखाली होत होती, आणि काकूंचा हात रजईखाली गेलेला होता, मनगटापर्यंत, कोणीतरी तो धरून ठेवल्यासारखा.

"काकू, चला," मी म्हटलं. "घरी चला. आत्ताच्या आत्ता. खोली रिकामी आहे. टूरवाल्यांशी मी बोलते."

"यांना सोडून?"

"काकू." माझा आवाज फुटला. मी खाली बसले, त्यांच्या गुडघ्यांना धरलं. "काकू, अशी कोणी नाहीये. कधीच नव्हती. अवधूतला आत्याच नाही. तुम्हाला घरी ठेवून घ्यायचं नव्हतं म्हणून मी खोटं बोलले. मला खोली हवी होती. मला माफ करा."

मी रडत होते. काकूंनी मोकळा हात माझ्या डोक्यावरून फिरवला.

"मला माहीत होतं गं," त्या म्हणाल्या.

मी वर बघितलं.

"पहिल्या फोनलाच कळलं. अवधूतच्या घरची सगळी माणसं माझ्या ओळखीची, तुझ्या लग्नात पंगतीत वाढलंय मी त्यांना. पण तू किती कानकोंडी झाली होतीस. म्हटलं, पोरीला उघडं पाडून काय मिळणार मला? म्हणून विचारत राहिले आपली, आत्या कशा आहेत, पाय गार पडतात का. तुला सोपं जावं म्हणून." त्या थांबल्या. "मग त्या दिवशी तुझ्याकडे वर गेले, रिकाम्या खोलीत जरा बसावं आणि खाली यावं म्हणून. तर या होत्या."

"काकू, उठा."

"आणि तुझ्याकडे कोणालाच नको होत्या गं या. अशा बाईला मी कसं टाकून येऊ?"

रजई थांबली. श्वास थांबला. मग पलंगाची स्प्रिंग वाजली, आणि ते डोकं उशीवरून सावकाश आमच्या बाजूला वळायला लागलं. आधी कान दिसला. मग गाल दिसायला हवा होता. तिथे गाल होता, पण नुसता, पुढे चेहराच नव्हता; चेहरा कसा आहे ते मी फोनवर कधी सांगितलंच नव्हतं.

"जाग्या झाल्या का?" काकू तिकडे वाकून प्रेमानं म्हणाल्या. "बघा, कोण आलंय."

मी उठले. माझा हात काकूंच्या दंडावर होता, शप्पथ सांगते, होता. मी ओढलंसुद्धा. पलीकडून त्याहून जोरात ओढलं गेलं आणि मी सोडून दिला. मी पळाले, दारापर्यंत, पॅसेजमध्ये, जिन्यावर. माझी पावलं एवढी वाजत होती की खालून घरमालकीण काहीतरी विचारायला लागल्या.

वरून काकूंचा आवाज आला, न ओरडता, नेहमीचा, घरातला.

"अगं, अशी काय निघालीस? चहा तरी घेऊन जा."

मी घराबाहेर पडले आणि मागून दार ओढून घेतलं.